खोलींतली हवा कोणाची ?

पनवेलच्या जुन्या वस्तींतील घरांतून दिवेलागणीच्या सुमारास धूप फिरविण्याची चाल अद्यापि सर्वस्वीं गेलेली नाहीं. धुपाटण्यांत निखारे घालावयाचे, त्यांवर गुग्गुळ, वेखंड, कडुनिंबाचा सुका पाला आणि चिमूटभर मोहऱ्या टाकावयाच्या, आणि तें धुपाटणें माजघरापासून ओसरीपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यांतून नेऊन आणावयाचें, हा क्रम माझ्या लहानपणीं आमच्या घरीं नित्याचा होता. डांस पळतात, बाळंतिणीस आराम पडतो, घरांतली वाईट हवा निघून जाते, अशीं त्याचीं कारणें सांगण्यांत येत. गांवहि मुळीं औषधांचें. १८७२ सालीं येथें स्थापन झालेल्या धूतपापेश्वर कारखान्यानें पनवेलचें नांव आयुर्वेदीय औषधांच्या बाटल्यांवरून दूरदूरच्या घरीं पोंचविलें. त्या धुरानें रोग खरोखर किती जात असे, हा प्रश्न आम्हां मुलांस कधीं पडला नाहीं. धूर डोळ्यांना दिसे, नाकाला कळे, आणि घरांत कोणीतरी आपली काळजी वाहत आहे असें मनाला वाटे. हें वाटणें लहान गोष्ट नव्हे.

ही आठवण होण्याचें कारण मात्र सुखाचें नाहीं. २०२० सालच्या उन्हाळ्यांत, करोनाची सांथ भर जोरांत असतांना, मी राहतों त्या इमारतींतील आम्ही सभासद एके सकाळीं तोंडावर फडकीं बांधून अंगणांत जमलों. मुंबईच्या इस्पितळांत, पोलिसांत आणि बसगाड्यांवर काम करणारे पुष्कळ लोक पनवेल व आसपासच्या वसाहतींतून राहतात. ते रोज जात व रोज परत येत, आणि त्यांच्या पावलांबरोबर रोगहि येईल अशी धास्ती प्रत्येकास होती. शेजारच्या इमारतींत एक रोगी निघाला होता. तेव्हां जिने, वाटा व लिफ्ट यांमध्यें औषधी फवारा मारून सारी हवा शुद्ध करून घ्यावी, असा ठराव पुढें आला. हरकत कोणीच घेतली नाहीं. मींहि हात वर केला.

दुसऱ्या दिवशीं दोन मजूर पाठीवर पंप बांधून आले. औषध वाऱ्यानें वायां जाऊं नये म्हणून आम्हींच जिन्याच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. थोड्याच वेळांत जिन्यांत पांढुरकें धुकें दाटलें आणि क्लोरिनचा उग्र दर्प घरोघर शिरला. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना काकू म्हणते. त्यांना दम्याचा जुना विकार आहे, ही गोष्टहि साऱ्या इमारतीस ठाऊक होती. दुपारपर्यंत त्यांना श्वास लागला, रात्रीं इस्पितळांत न्यावें लागलें, आणि त्या दिवसांत इस्पितळांत खाट मिळविणें म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. आठ दिवसांनीं त्या सुखरूप घरीं आल्या. मी भेटावयास गेलों तेव्हां रागाचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं. एवढेंच म्हणाल्या, "अहो, मला कोणी आधी सांगितलं असतं, तर तेवढा वेळ मी गच्चीवर जाऊन बसले असते."

हें वाक्य माझ्या मनांतून अजून गेलेलें नाहीं. विचारण्यास कांहींच खर्च नव्हता. गच्ची मोकळी होती, दिवस कोरडा होता, आणि वरपर्यंत त्यांना हात देऊन नेण्यास दहा माणसें आनंदानें तयार झालीं असतीं. आम्ही दुष्ट नव्हतों, निष्काळजीहि नव्हतों. उलट काळजीनेंच आम्हीं हें केलें. आणि म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा वाटतो. चार भिंतींच्या आंतील हवा कोणाची ? सांथीचें भय खरें आहे, बहुमत स्पष्ट आहे, हेतु शुद्ध आहे, एवढ्यावरून सर्वांनीं मिळून श्वास घ्यावयाच्या हवेंत औषध मिसळण्याचा अधिकार कोणास प्राप्त होतो काय ?

प्रथम हवेचें वैशिष्ट्य ध्यानांत घेतलें पाहिजे. वैद्यानें दिलेली पुडी मी घ्यावी कीं न घ्यावी, हें माझ्या हातीं आहे. ताटांत वाढलेला पदार्थ मला सोसत नसेल तर मी तो बाजूस सारूं शकतों. पण स्वस्थ बसलेला मनुष्य दर मिनिटास बारा ते वीस वेळां श्वास घेतो, आणि त्यांतला एकहि श्वास त्याला उद्यांवर ढकलतां येत नाहीं. म्हणून हवेंत औषध घालणें म्हणजे तेथें असलेल्या प्रत्येकाला, त्याची प्रकृति न पाहतां व त्याचा होकार न घेतां, एकाच मापानें औषध पाजणें होय. तान्हें मूल, गर्भिणी, दमेकरी आणि तालमींतला पहिलवान यांना एकच मात्रा देणाऱ्या वैद्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. फवाऱ्याचा पंप मात्र हेंच करतो, आणि आपण त्यास शुद्धीकरण म्हणतों.

आपल्या जुन्या शास्त्रकारांस हवेचें हें सामाईकपण चांगलें ठाऊक होतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे एकदम सबंध मुलूख उजाड करणाऱ्या सांथीचा, एक अध्याय आहे. ज्यांची प्रकृति निराळी, आहार निराळा, वय निराळें, बळ निराळें, अशीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कां मरतात, असा प्रश्न अग्निवेश तेथें आपल्या गुरूस विचारतो. आत्रेयांचें उत्तर असें कीं, माणसांच्या प्रकृति भिन्न असल्या तरी वायु, जल, देश आणि काल हीं चार त्यांना समान असतात, आणि तीं बिघडलीं कीं सर्वांवर एकदम आघात होतो. आजच्या जंतुशास्त्राशीं याचा मेळ किती बसतो, हा वाद येथें नको. मला त्यांतला एकच धागा हवा आहे. जें समान आहे त्यांतून अपाय सर्वांस होतो. मग जें समान आहे त्यांत उपाय घातल्यास तोहि सर्वांस बाधणारच, हें ओघानें आलें. सामाईक विहिरींत औषध टाकणाऱ्यानें साऱ्या आळीस विचारावें, हा व्यवहार खेडेगांवांतल्या मनुष्यासहि समजतो.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या प्रश्नाची फार कडू परीक्षा झालेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले, आणि थोड्याच महिन्यांत निम्मी मुंबई गांठोडीं बांधून वाट फुटेल तिकडे निघाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथींविषयींचा कायदा केला. पुण्यांत रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी बसली. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊं लागले. रोग्यांस इस्पितळांत आणि त्यांच्या माणसांस वेगळ्या छावण्यांत नेण्यांत येऊं लागलें. मागें राहिलेल्या घराची शुद्धि सुरू झाली. कार्बोलिक ॲसिडासारखीं जंतुनाशकें भिंतींवर व जमिनींवर मारावयाचीं, जमिनी उकरावयाच्या, चुना फांसावयाचा, रोग्याचें सामान जाळावयाचें, अशी ती शुद्धि होती. ज्या देवघरांत परक्याची सांवली पडूं नये असा नेम, तेथें बूट घातलेला शिपाई औषधाची बादली घेऊन उभा राहिला. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ३ जुलैस मरण पावला. खुनाचें समर्थन करण्याचा हा लेख नव्हे. परंतु औषधाच्या वासाला लोक जुलमाचा वास कां समजूं लागले, हें ज्यास कळत नाहीं त्यास सार्वजनिक आरोग्याचा अर्धा भाग कळला नाहीं.

आणि या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला ? प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन यानें शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हें १८९७ सालीं कोणालाच निश्चित माहीत नव्हतें. १८९८ सालीं कराची येथें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरची पिसू हा दुवा दाखविला, आणि त्यावरहि शास्त्रज्ञांचा विश्वास बसण्यास आणखी कांहीं वर्षें आणि मुंबईंतील प्लेग-संशोधन मंडळाचे पुष्कळ प्रयोग लागले. म्हणजे गांठीच्या प्लेगापुरतें बोलावयाचें तर, जेथें शत्रु नव्हता तेथें आम्ही बाण मारीत होतों. भिंत स्वच्छ होत होती, आणि उंदीर आपल्या पिसवा घेऊन शेजारच्या घरीं जात होता. उलट आमच्या अडाणी म्हटलेल्या लोकांत एक रीत पडली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, माळावर झोपड्या घालाव्यात, आणि सांथ ओसरल्यावर परत यावें. त्यांना पिसवांचें शास्त्र माहीत नव्हतें. पण उंदरापासून दूर जाण्याचें फळ त्यांना मिळालें.

येथें अधिकाऱ्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण रँडच्या शिपायांच्या आणि आमच्या सभासदांच्या मनांतील विचार फारसा निराळा नव्हता. दोघांनाहि वाटत होतें कीं संकट मोठें आहे, वेळ थोडा आहे, आणि कांहीं न करण्यापेक्षां कांहींतरी करणें बरें. १८९७ च्या कायद्यांत एक कलम असें आहे कीं, या कायद्यान्वयें सद्भावनेनें केलेल्या कोणत्याहि कृत्याबद्दल कोणावर दावा चालूं शकणार नाहीं. २०२० च्या मार्चांत हाच कायदा महाराष्ट्रांत पुन्हां लागू करण्यांत आला. न्यायालयांत सद्भावना पुरेशी असेल. नीतीच्या दरबारांत ती पुरत नाहीं. सद्भावना मला दुष्टपणाच्या आरोपांतून सोडविते, अविचाराच्या आरोपांतून सोडवीत नाहीं. त्याच १८९७ सालीं, मार्चच्या १० तारखेस, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्यांच्या कार्याचें मोल त्यांच्या मरणानें वाढलें असें मी म्हणत नाहीं. पण त्या ज्या हवेंत रोग्यास ठेवीत, त्याच हवेंत स्वतः बसत. औषध शिंपडून दार ओढून घेणाऱ्यांत आणि रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्यांत हें अंतर आहे.

डॉक्टरांच्या इतिहासांतहि असा एक प्रसंग आहे. शस्त्रक्रिया निर्जंतुक करणारा जोसेफ लिस्टर यानें १८७० नंतरच्या दशकांत शस्त्रक्रियेच्या खोलींत कार्बोलिक ॲसिडाचा सूक्ष्म फवारा उडविण्याची पद्धत घातली. हवेंतले जंतु जखमेंत पडतात, तर हवाच धुऊन काढावी, असा त्याचा तर्क. फवाऱ्यानें शस्त्रवैद्यांच्या हातांची कातडी सोलवटे, त्यांना खोकला लागे. पण लिस्टर स्वतःहि त्याच फवाऱ्यांत उभा राही. पुढें अनुभवानें असें दिसलें कीं जखमेला खरें भय हात, हत्यारें आणि पट्ट्या यांपासून आहे, हवेंतल्या जंतूंपासून फार थोडें. तेव्हां १८९० सालीं बर्लिन येथील वैद्यक-परिषदेंत, हा फवारा आपण सुचविला याची आपल्याला लाज वाटते, असें त्यानें साऱ्या जगापुढें सांगितलें. फवारा शोधणें हें बुद्धीचें काम होतें. तो सोडणें हें त्याहून अवघड काम होतें, आणि तें नीतीचें होतें.

यावरून हवेंत औषध घालण्याची कल्पनाच मूर्खपणाची, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावीळपणा होईल. १९४० नंतरच्या वर्षांत शिकागो विद्यापीठांत ओस्वाल्ड रॉबर्टसन व त्याचे सहकारी यांनीं ग्लायकोल नांवाच्या द्रव्यांची वाफ हवेंत अत्यल्प प्रमाणांत सोडून पाहिली. इन्फ्लुएंझाच्या विषाणूंनीं भारलेल्या पेटींत उंदीर ठेवले, तर साध्या हवेंतले मेले आणि वाफेच्या हवेंतले वांचले. वाफ इतकी विरळ कीं डोळ्यांना दिसूं नये. पुढें लहान मुलांच्या इस्पितळांत आणि लष्करी बराकींतहि प्रयोग झाले. मात्र पेटींत जें साधलें तें खोलींत सारखें साधेना. हवा फार कोरडी किंवा फार दमट झाली, धूळ उडाली, कीं वाफेचा गुण कमी होई. तेवढ्यांत पेनिसिलीन आलें, लसी आल्या, आणि हा मार्ग मागें पडला. करोनाच्या काळांत त्याची पुन्हां आठवण झाली, आणि २०२१ च्या जानेवारींत अमेरिकेंतील जॉर्जिया व टेनेसी या दोन संस्थानांत ट्राय-एथिलीन ग्लायकोलच्या वाफेस तात्पुरती परवानगी मिळाली. विज्ञानानें हें दार कायमचें लावलेलें नाहीं, आणि आपणहि लावूं नये.

दुसऱ्या बाजूस फॉर्मॅलिनची गोष्ट आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या खोल्या बंद करून, फॉर्मॅलिनवर पोटॅशियम परमँगनेट टाकून, त्याच्या वाफेनें त्या शुद्ध करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. जंतु मरत यांत संशय नाहीं. पण २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें फॉर्मॅल्डिहाइड हें माणसांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य ठरविलें. एका पिढीला जो वास स्वच्छतेचा वाटला, तो पुढच्या पिढीला विषाचा कळला. ज्या पोऱ्यानें रोज रात्रीं तें पात्र खोलींत ठेवलें आणि सकाळीं डोळे चोळीत दारें उघडलीं, त्याची नोंद कोणत्याहि वहींत नसेल.

येथें एक सबळ आक्षेप येतो. पाण्यांत क्लोरिन नाहीं का घालीत ? अमेरिकेंतील जर्सी सिटी येथें १९०८ सालीं शहराच्या पाण्यांत नित्य क्लोरिन घालण्यास आरंभ झाला, आणि आज आपल्या नळाचें पाणीहि तसेंच शुद्ध होऊन येतें. त्यासाठीं कोणी दारोदार अनुमति मागत फिरलें नाहीं, आणि तरीहि त्यानें असंख्य मुलें पटकी व विषमज्वर यांपासून वांचलीं. मग हवेनेंच काय अपराध केला ? आक्षेप खरा आहे; आणि त्याच्या उत्तरांतच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. पाण्यांतला क्लोरिन मापून घालतात, आणि नळापाशीं तो किती उरला हें पुन्हां मापून पाहतात. त्याचा गुण अनेक दशकें, अनेक देशांत, उघड्यावर तपासलेला आहे. तो घालणारी संस्था लोकांना जबाब देण्यास बांधलेली आहे. घालणारा स्वतः तेंच पाणी पितो. आणि शेवटीं, ज्याला तें नको त्याला विहिरीचें पाणी उकळून पिण्याची मोकळीक आहे. हवेच्या बाबतींत ही शेवटली मोकळीक जवळजवळ नाहींच. म्हणून आधींच्या चार अटी तिला अधिक कडकपणें लागू झाल्या पाहिजेत. आमच्या जिन्यांतल्या फवाऱ्यानें यांतली एकहि अट पुरी केली नव्हती. माप पंपवाल्याच्या अदमासानें, गुण ऐकीव, जबाबदारी सर्वांची म्हणजे कोणाचीच नव्हे, आणि ठराव करणारे आम्ही वरच्या मजल्यांवर दारें लावून बसलेले.

जेथें माणसाला नाहीं म्हणण्याचें बळ नसतें, तेथें फवारा सर्वांत आधीं पोंचतो, हेंहि त्या वर्षीं दिसलें. ३० मार्च २०२० रोजीं उत्तर प्रदेशांतील बरेली येथें दूरवरून परत आलेल्या मजुरांना, बायकामुलांसह, रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारण्यांत आला. त्यानंतर गांवोगांव बाजारांच्या व कचेऱ्यांच्या दारांशीं फवाऱ्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. १८ एप्रिलला केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें माणसांवर असा फवारा मारणें शास्त्राला धरून नाहीं व अपायकारक आहे असें कळविलें. १५ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें खोल्यांच्या आंतहि पृष्ठभागांवर सरसकट फवारा किंवा धुकें मारूं नये असें सांगितलें. आणि ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें अशा कमानी बंद करण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. शहाणपण आलें, पण तें कमानी बांधून झाल्यावर आलें.

या सर्वांत एक विपरीत गोष्ट आहे. भय हवेंत आहे हा आमचा अंदाज चुकीचा नव्हता. हा रोग मुख्यतः श्वासांतून, बंद जागेंतल्या हवेंतून पसरतो, हें जगाच्या आरोग्यसंस्थांनीं चांचरत चांचरत कबूल केलें, तोंवर २०२१ साल उजाडलें. पण रोग ओळखून आम्हीं उपाय उलटा केला. औषध बाहेर जाऊं नये म्हणून खिडक्या लावल्या. ज्या खाडीवरच्या वाऱ्यानें पनवेलचें आंगण रोज दुपारीं मोकळें होतें, त्याला आम्हींच जिन्याबाहेर ठेवलें. खिडकी उघडण्यास पैसा पडत नाहीं, ठराव लागत नाहीं, तिनें कोणाचा श्वास कोंडत नाहीं. मग ती आम्हांला कां सुचली नाहीं ?

मला वाटतें, ती दिसत नाहीं म्हणून. उघड्या खिडकींतून जंतु बाहेर गेले कीं नाहीं हें डोळ्यांना कळत नाहीं. धूर दिसतो, दर्प कळतो, पंप आवाज करतो, बिल येतें. भ्यालेल्या मनाला औषधापेक्षां औषध दिल्याची खूण अधिक हवी असते. लहानपणीं धुपाटण्याच्या धुरानें मला जो धीर दिला, तोच धीर चाळीस-पन्नास वर्षांनंतर मीं क्लोरिनच्या धुक्यांत शोधला. धीर मिळविणें हा अपराध नव्हे. पण माझ्या धिराची किंमत दुसऱ्याच्या छातीनें द्यावी, हा अपराध आहे. आणि ती किंमत कोण देतो हें मला वरच्या मजल्यावरून दिसत नाहीं, एवढ्यानें तो कमी होत नाहीं.

धुपाटण्याविषयींहि खरें बोललें पाहिजे. जुनें आणि घरचें म्हणून त्याला सूट देणें बरोबर होणार नाहीं. गुग्गुळाचा असो कीं कडुनिंबाचा, धूर हा धूरच; त्याचे सूक्ष्म कण दमेकऱ्याच्या छातींत तसेच उतरतात. आजीच्या बाजूनें दोनच गोष्टी सांगतां येतील. धुपाटणें तिच्या स्वतःच्या हातांत असे, म्हणून पहिला धूर तिच्या नाकांत जाई. आणि फिरवून झाल्यावर ती पुढचें व मागचें दार सताड उघडी, धूर निघून जाईपर्यंत. हें शास्त्र म्हणून ती करीत नव्हती. पण आम्हां शिकलेल्यांना जें सुचलें नाहीं तें तिच्या सवयींत होतें.

ज्या दोन मजुरांनीं आमच्या जिन्यांत फवारा मारला त्यांच्या तोंडावर एकेक ओला रुमाल होता. दिवसांत अशा किती इमारती करतां, असें मीं एकास विचारलें होतें. "जेवढ्या मिळतील तेवढ्या," तो म्हणाला. काकूंनीं तें धुकें एक दिवस घेतलें, त्यानें तो उन्हाळाभर घेतलें असेल. आमच्या ठरावांत त्याचें नांव नव्हतें. हवेचा विचार करतांना आपण खोलींत राहणाऱ्यांची मोजदाद करतों, खोली शुद्ध करणाऱ्याला मोजीत नाहीं. खरें पाहतां त्या हवेवर पहिला हक्क त्याचा, कारण ती सर्वांत अधिक त्यालाच घ्यावी लागते.

तेव्हां माझ्यापुरता मीं एक निर्णय केला आहे. पुन्हां सांथ येईल. सांथी येतच असतात. पुन्हां कोणी नवें औषध घेऊन दाराशीं उभा राहील, आणि कदाचित् तें शिकागोच्या वाफेसारखें खरोखर गुणकारीहि असेल. त्या वेळीं हात वर करण्यापूर्वीं मी तीन गोष्टी विचारीन. या औषधाचा गुण कोणी तपासला आहे काय आणि येथें तें मापून घालणार कोण ? या जिन्यांत ज्यांचा श्वास अडकेल त्यांना आधीं विचारलें काय ? आणि तें घालतांना मी स्वतः येथें उभा राहण्यास तयार आहें काय ? तिसऱ्या प्रश्नाला माझें उत्तर नाहीं असें असेल, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें कितीहि चांगलीं आलीं तरी माझा हात खालींच राहील. बहुमतानें मला माझ्या हवेचा धनी केलें असेल. काकूंच्या हवेचा नव्हे.

आमच्या इमारतींत त्यानंतर पुन्हां फवारा आला नाहीं. जिन्याच्या तीन खिडक्यांच्या कड्या गंजल्या होत्या, त्या वर्गणी काढून दुरुस्त करून घेतल्या. संध्याकाळीं त्या उघडण्याचें काम मीं मागून घेतलें आहे. तळमजल्यावर काकूंचें दार त्या वेळीं बहुधा उघडेंच असतें, आणि आंतून त्या विचारतात, "आज वारा आहे का हो ?"